जयंतीच्या आधी चाळीस नंबर

उठसूट कुणीही मला विचारतं, "मॅडम, आपल्या इकडच्या उन्हाला इंजिनात कोणतं तेल चांगलं?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवते म्हणून विचारतात, इथपर्यंत ठीक. पण उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, हा खरा ताप. अर्ध्यांना वाटतं, जितकं जाड तेल तितकं भारी. उरलेल्यांनी मोबाईलवर कुठल्यातरी बर्फाच्या देशातल्या माणसाचं ऐकलेलं असतं, तो सांगतो पाण्यासारखं पातळ टाका. अहो, गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं. त्यात तक्ता असतो. बाहेर किती थंडी, किती ऊन, त्याप्रमाणे तुमच्या इंजिनाला कोणता नंबर चालेल ते छापलेलं असतं. ते पुस्तक वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडून राहतं, आणि माणसं मला पंगतीत जिलेबी खाऊ देत नाहीत.

मी चिडते हे माझ्या पोरांना पाठ आहे. "तेलाचा धडा आला, मॅडम तापणार," असं ते आपसात बोलतात, मला ऐकू येतं. तापते मी. कारण एकतीस वर्षांपूर्वी दौलताबादचा घाट चढून गेलं की लागणाऱ्या खुलताबादच्या स्टँडवर एका माणसानं तेलाचा नंबर खोटा सांगितला, आणि माझ्या बापाचं ड्रायव्हर म्हणून असलेलं नाव त्या एका शब्दात गेलं. ते तिथंच, चार माणसांत, दुरुस्त व्हावं एवढंच मला इतकी वर्षं पाहिजे होतं.

या एप्रिलात बाबा सकाळी म्हणाले, खुलताबादला जाऊन येऊ. का, ते सांगितलं नाही. ऐंशी वर्षांचा माणूस, कारण विचारलं की गप्प बसतो. मी गाडी काढली. दौलताबादच्या वेशीत नेहमीसारखी गाड्यांची कोंडी, त्या दगडी कमानीतून एका वेळी एक वाहन निघतं आणि बाकीचे सगळे ऊन खात थांबतात. कशीबशी सुटका झाली आणि आम्ही घाटाला लागलो. तिसऱ्या वळणावर कुणाची तरी जुनी जीप बॉनेट उघडून उभी होती. काच बंद असूनही तो वास आत आला, जळक्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा. बाबांनी मान वळवली नाही. मी मात्र तिथून पुढचा घाट कसा चढवला ते मला आठवत नाही.

आम्ही हर्सूलला राहायचो, तलावाच्या अलीकडे. घर दोन खोल्यांचं, समोर मोकळी जागा, तिथं मालकाची जीप उभी असायची. गाडी मालकाची, पण तिचे सगळे नखरे बाबा सांभाळायचे. हिवाळ्यात तलावावरून धुकं सरकत यायचं, बंबाचा धूर, पेरूच्या झाडाचा वास, आणि त्यात बाबा जीप सुरू करायचे. सुरू झाल्या झाल्या इंजिनाच्या वरच्या भागात टकटक व्हायची. रात्रभर तेल खाली बसलेलं असतं, ते वर चढेपर्यंत वरचं लोखंड कोरडं वाजतं. बाबा बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे. "चढू दे त्येला," म्हणायचे. टकटक थांबली की आई आत चहा गाळायला घ्यायची. घड्याळ बघायची गरजच नव्हती. आमच्या घरातला सकाळचा चहा इंजिनात तेल पोहोचल्यावर मिळायचा.

म्हणून हिवाळ्यात पातळ तेल, तीस नंबरचं. आणि उन्हाळ्यात जाड, चाळीसचं, कारण घाटात इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि पातळ झालं की दोन लोखंडांच्या मध्ये टिकत नाही. तेव्हा एकाच डब्यात दोन्ही गुण असलेलं तेल आमच्या वाट्याला येत नव्हतं. वर्षातून दोनदा बदला, दुसरा इलाज नाही. इतर ड्रायव्हर होळीला जाड आणि दिवाळीला पातळ भरायचे. आमच्या घरात होळी नव्हती. बाबांचं पंचांग वेगळं. धम्मचक्र दिन झाला की तीस नंबर, आणि भीमजयंतीच्या आधी आठ दिवस चाळीस. त्यात कधी चूक नाही. जयंतीला जीप धुऊन, पुसून, निळा झेंडा लावून उभी राहायची तेव्हा तिच्या पोटात नवं तेल असायचंच.

तेल बदलायचे यूसुफचाचा. तलावाच्या कडेला लिंबाखाली त्यांचं गॅरेज, म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. बाबांचे जिवलग दोस्त. चाचा बाबांबद्दल म्हणायचे, उत्तमची जयंती बरी, दरसाल उन्हाळ्यातच येते. "हमारा रमजान तो फिरता रहता. त्याच्यावर तेल बदललं तर एखाद साली थंडीत चाळीस पडेल."

तेल तपासायची त्यांची एक रीत होती. इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनी टेकवायची आणि बोटं हळू दूर न्यायची. तार किती लांब टिकते ते बघायचं. संक्रांतीला आई तिळाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक करायची तेव्हा अगदी असंच करायची. चाचांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "भाभी, तुमचा पाक आणि माझं तेल एकच इल्म आहे." मी पुढं आयटीआयला गेले, तिथल्या पुस्तकात तेलाच्या दाटपणासाठी विष्यंदिता नावाचा जीभ बोबडी करणारा शब्द भेटला. वर्गात मी एकटी मुलगी, आणि पहिल्या दिवशी त्या शब्दाचा अर्थ सांगणारी पण मीच. पाक गरम असला की धावतो, गार झाला की बसतो, असं मी सांगितलं. पोरं हसली होती. सरांनी मात्र मान डोलावली.

काढलेलं काळं तेल घमेल्यात जमायचं. ते फुकट जात नव्हतं. कुणी बैलगाडीच्या आखाला न्यायचं, कुणी दाराच्या चौकटीला, वाळवी लागू नये म्हणून. आई बाजेच्या पायांना लावायची. उन्हाळ्यात दुपारी दार लावून पडलं की त्या चौकटीचा वास खोलीभर यायचा. बाबांचे शर्ट ती सोड्यात भिजवून ठेवायची आणि तरी खिशाच्या कडेला डाग राहायचा. मला तो वास आवडायचा. आज त्या जागेवर टाइल्सचं दुकान आहे, काचेचा दरवाजा आपोआप उघडतो. मी एकदा उगाच आत जाऊन आले. आत कशाचाच वास नव्हता.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे, त्याच्या आदल्या साली धम्मचक्र दिनाच्या सुमारास मालकानं तेलाचा आख्खा ड्रम आणून चाचांच्या गॅरेजात ठेवला. चार जीपा होत्या त्याच्या. ड्रमच्या झाकणावर पांढऱ्या रंगात ३० असा आकडा काढलेला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, आयटीआयच्या पहिल्या वर्षाला. आकडे दिसले की वाचायची मला खोडच होती.

एप्रिल उजाडला तेव्हा ड्रम अर्धा शिल्लक. बाबांनी मालकाला सांगितलं, चाळीस आणू. मालक म्हणाला, तेल ते तेल, आधी हे संपव. बाबांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी तिथं होते. मालक गळ्यात ओला रुमाल घालून सावलीत बसला होता. भर दुपारी तो स्वतः कधी जीपमध्ये बसला असेल तर शपथ. त्यानं बाबांकडं बघितलंही नाही. "उत्तम, तू चाकं फिरव. बाकी मी बघतो." म्हणे बाकी मी बघतो! काय बघितलं मेल्यानं? त्या साली जयंतीला जीपवर झेंडा लागला, पण आत त्याच ड्रममधलं तीस नंबरचं तेल होतं. बाबा मिरवणुकीत सुद्धा उदास होते.

मे महिन्यात एक दिवस पाहुणे घेऊन ते वेरूळला निघाले. दौलताबादच्या वेशीत कोंडी, जीप जागेवर घुरघुरत उभी, आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी इंजिन बंद केलं. पट्टी बघितली, डब्यात होतं तेवढं ओतलं, तेही तीसच. पाहुण्यांनी कटकट सुरू केली, लेणी बंद होतील म्हणून. अर्धा तास थांबून ते घाटाला लागले. तिसऱ्या वळणावर इंजिन किंचाळलं आणि जागच्या जागी जाम झालं. बाबांनी चाकाखाली दगड लावला, पाहुण्यांना झाडाखाली बसवलं, येणाऱ्या बसला हात करून त्यांना पुढं पाठवलं आणि एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून हर्सूलला निरोप दिला. मी घरी होते. चाचा स्कूटरवर निघाले तशी मी मागं बसले. आई नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा बॉनेटपाशी उभे होते, तळहात त्याच्यावर ठेवून. तापलेलं असणार, हात भाजत असणार, पण काढला नाही. चाचांनी बॉनेट उघडून आत बघितलं आणि दोर काढला. एका ट्रकला बांधून जीप वर खुलताबादच्या स्टँडवर ओढत आणली. संध्याकाळी पाच-साडेपाच झाले असतील. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर गोळा झाले, चहाचे पेले हातात. मग मालक आला. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की उत्तमनं लाल दिवा लागलेला असताना गाडी रेटली, तेलाकडं बघितलं नाही, झोपेत चालवत होता.

बाबा म्हणाले, "मालक, तेल तीस नंबरचं हाय. म्या तीनदा सांगितलं व्हतं."

मालक हसला. कोण म्हणतं तीस, म्हणाला.

"मी म्हणते," मी बोलले. "ड्रमच्या झाकणावर तीस लिहिलंय. मी डोळ्यांनी वाचलंय, आणि त्यातूनच भरलंय."

मी पूर्ण वाक्य बोलले. कुणीतरी मागून म्हणालं, पोरीला इंजिनातलं काय कळतंय. पाच-सहा जण हसले. पंधरा-वीस बापये आणि त्यात मी एकटी, ओढणी धरून उभी. ते हसू अजून माझ्या कानात आहे. वर्गात मी पाक म्हटलं तेव्हाचं हसू वेगळं होतं, हे वेगळं होतं.

मग मालक चाचांकडं वळला. "यूसुफ, तू ओतलंस ना? तू सांग."

चाचा चिंधीनं हात पुसत होते. बराच वेळ पुसले. वर बघितलं नाही.

"चाळीस," म्हणाले.

झालं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. बाबांनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालत घाट उतरायला लागले. मी त्यांच्या मागं. स्कूटरवर मी बसले नाही. दौलताबादेत एस.टी. मिळेपर्यंत मी त्यांच्या पाठीकडं बघत चालले. चाचा खोटं का बोलले, हे मला ठाऊक असेल असं लोकांना वाटतं. मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. कारण काहीही असलं तरी आकडा बदलत नाही.

त्यानंतर बाबांच्या हातात कुणी गाडी दिली नाही. तेल न बघणारा ड्रायव्हर, एवढी ओळख स्टँडवर पुरते. त्यांनी एका कारखान्याच्या गेटवर वीस-बावीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी दांडा वर करायचा, दांडा खाली करायचा. माझ्या बापाला! डोळे मिटून घाट चढवणाऱ्या माणसाला दांडा वर-खाली करायला बसवलं. घरासमोर जीप उरली नाही, सकाळची टकटक नाही, आणि आई घड्याळ बघून चहा करायला लागली. ती गेली तेव्हाही चाचा आले नाहीत. तोवर गॅरेज मोडून ते खुलताबादला पोराकडं राहायला गेले होते.

मी शिकले, तिथंच मास्तरीण झाले. दरसाल नव्या पोरांना सांगते. डब्यावरच्या डब्ल्यू या अक्षराच्या आधीचा आकडा थंडीतला, सकाळी तेल किती पटकन वर चढेल त्याचा. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला. आपल्याकडं थंडीत काही बर्फ पडत नाही, पण मे महिन्यात घाटात पत्र्यावर पापड भाजेल. तेव्हा दुसरा आकडा नीट बघा. मात्र म्हणून नव्या इंजिनात आजोबाच्या जीपचं जाड तेल ओतू नका, त्याच्या वाटा अरुंद असतात, तिथं जाड तेल अडतं. तक्ता वाचा. आणि डब्यावर जे लिहिलंय तेच तोंडानं सांगा. हे शेवटचं वाक्य अभ्यासक्रमात नाही. ते मी माझ्याकडून सांगते, आणि तेव्हा माझा आवाज चढतो.

तर या एप्रिलात आम्ही घाट चढून खुलताबादला पोचलो. बाबांनी एका पंक्चरच्या दुकानापाशी गाडी थांबवायला सांगितलं. बाहेर बाजेवर यूसुफचाचा बसलेले. केवढासा जीव झाला होता. मी ओळखलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे बाबांनी मला न सांगता इथं आणलं होतं! मी खाली उतरले नाही. काच वर, इंजिन चालू. दोघं म्हातारे एकमेकांचे दंड धरून उभे राहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मग दार उघडलं आणि चाचा मागच्या सीटवर बसले, बाबा त्यांच्याशेजारी.

"बेटी, स्टँडवर ने," चाचा म्हणाले. "तिथंच बोललो होतो. तिथंच बोलतो."

मी गाडी वळवली. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते पाच मिनिटांच्या अंतरावर आलं होतं.

स्टँड आहे तिथंच आहे, बाकी सगळं बदललंय. पांढऱ्या गाड्यांची रांग, गॉगल विकणारे, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. ड्रायव्हर सगळे पंचवीस-तीस वयाचे, मान खाली, डोळे मोबाईलमध्ये. त्या दिवशीचा एकही चेहरा तिथं नव्हता. चाचा काठी टेकत मधोमध जाऊन उभे राहिले. बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

"उत्तमच्या गाडीत तीस नंबरचं तेल होतं," चाचा मोठ्यानं म्हणाले. "चाळीस नव्हतं. मी ओतलं होतं. मी झूट बोललो."

एका पोरानं मान वर केली. "चाचा, कुठं जायचं, वेरूळ का म्हैसमाळ?" त्यानं विचारलं. उत्तर मिळालं नाही तसा पुन्हा खाली बघायला लागला. मला वाटलं, एकेकाची कॉलर धरावी आणि सांगावं, ऐका रे, कान उघडा, हे तुमच्या जागेवर घडलंय. पण त्या पोरांचा काय दोष? त्यांच्या बापांचाही नसेल. हसणारे हसून गेले, कुठं गेले देव जाणे, आणि खरं ऐकायला परके उभे राहिले.

बाबा पुढं झाले. चाचांच्या पाठीवर हात ठेवला. "झालं, यूसुफ. ऐकलं म्या. चल, ऊन लई हाय."

दोघं मागं येऊन बसले. मी रसाचे तीन पेले आणले. ते पीत होते, बाबा गालातल्या गालात हसत होते, चाचा डोळे पुसत होते. बाबांनी माफ केलं, हे मला दिसत होतं. ठीक. नाव त्यांचं होतं, हक्क त्यांचा. पण मी माझा पेला न पिता बाजूला ठेवला. मी समोरच्या आरशात बघत बसले आणि शेवटी राहवलं नाही.

"चाचा," मी म्हटलं, "त्या दिवशी तुमच्या आधी आणखी एकानं तीस सांगितलं होतं. सगळ्यांसमोर."

"हौ. उत्तमनं."

"बाबांच्या नंतर. ड्रमच्या झाकणाचं कुणी सांगितलं?"

चाचा विचारात पडले. बाबांकडं बघितलं. बाबांनीही कपाळाला आठ्या घातल्या, खरंच आठवायला लागले. "झाकणाचं बोललं व्हतं कुनीतरी, व्हय," म्हणाले. "बबन डायवर व्हता का रं त्यो?"

"बबनच असेल," चाचा म्हणाले. "तो लई खरा माणूस होता."

मी आरशातून दोघांकडं बघितलं. "बाबा, ती मी होते."

बाबा कौतुकानं हसले, लहानपणी हसायचे तसे, आणि पुढं वाकून माझ्या खांद्यावर थोपटलं.

"तू कशाला येशील तिथं, बाई? तू तर घरी व्हतीस."